छापील की हाताने रंगवलेली? अठराव्या शतकातील एका निळ्या-पांढऱ्या इंग्लिश बशीविषयी

निळी रेघ (प्रश्न)

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी इंग्लंडमधील एका लहान लिलावात मी पोर्सिलेनची एक निळी-पांढरी बशी घेतली. यादीत तिचे वर्णन ‘वूस्टर, सुमारे १७७०, हाताने रंगवलेली’ असे होते. वूस्टर म्हणजे त्या नावाच्या इंग्लिश शहरातील पोर्सिलेनचा कारखाना. जुन्या भांड्यांचा माझा अनुभव जेमतेम दीड वर्षाचा असल्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला. बशी हाती आल्यानंतर दिव्याखाली निरखताना मात्र काही गोष्टी खटकू लागल्या. त्या येथे जशाच्या तशा मांडतो.

बशीवर चिनी धाटणीचा देखावा आहे. पाणी, नावा, खडकावर बसलेला लांब मानेचा पक्षी, एका माणसाच्या हातात मासा, दुसऱ्याच्या हातात गळाची काठी, मागे बेटावर घर आणि झाडे, असा तो सगळा पसारा. काठाने जाळीदार नक्षीची पट्टी फिरते. साध्या डोळ्यांना हे सारे कुंचल्याचे काम वाटते. परंतु दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यास, जो भाग गडद निळा दिसतो तो रंगाचा सलग थर नसून एकमेकींना खेटून काढलेल्या बारीक रेघांचा पुंजका आहे असे लक्षात येते. दुसरी गोष्ट अशी की घड्याळात चार वाजण्याची जागा जिथे असते, तिथे काठाची पट्टी एकाएकी तुटते. जाळीचा एक चौकोन अर्धाच राहिला आहे आणि त्याला चिकटून पुढचा पूर्ण चौकोन सुरू होतो. तिसरी गोष्ट म्हणजे घराच्या छपरावरून तिरपी गेलेली, केसाइतकी बारीक पांढरी रेघ. ती नखाला लागत नाही, म्हणून तडा नसावा. बुडाला कड्याच्या आत चंद्रकोरीसारखी एक निळी खूण आहे.

लिलाव करणाऱ्यांना विचारले असता, ‘पट्टीतील चूक हीच हाताच्या कामाची खूण आहे, छपाईत अशी चूक होत नाही,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर ऐकताना पटले, पण बशीकडे पाहिले की पटेनासे होते. ही बशी छापील आहे का, आणि ती वूस्टरचीच आहे हे कशावरून मानायचे, असे माझे दोन प्रश्न आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताम्रपट

आपली बशी छापील आहे. छायाचित्र न पाहताही हे ठामपणे लिहितो, कारण आपण वर्णिलेल्या तिन्ही खुणा छपाईच्याच आहेत, आणि त्यांतील दुसरी तर लिलाव करणाऱ्यांच्या म्हणण्याच्या अगदी उलट साक्ष देते.

हे समजण्यासाठी भांड्यावर चित्र कसे उतरत असे ते डोळ्यांसमोर आणावे लागेल. कोरीवकाम करणारा कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र रेघारेघांनी कोरतो. पत्रा तापवून त्यात तेलात घोटलेला कोबाल्टचा दाट रंग चोळला जातो, मग वरचा रंग खरवडून आणि पुसून काढला जातो, जेणेकरून तो फक्त कोरलेल्या चरांतच उरावा. साबणाच्या पाण्याने माखलेला पातळ टिश्यू कागद त्यावर ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढला की चित्र कागदावर येते. रंग ओला असतानाच कागदाचे नको असलेले भाग कात्रीने कापतात आणि तो एकदा भाजलेल्या, पण अजून झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, न दिलेल्या भांड्यावर बसवतात. या अवस्थेतील भांड्याला कारागीर ‘बिस्किट’ म्हणत. कागद पाठीमागून ताठ केसांच्या ब्रशने घासला की सच्छिद्र भांडे रंग शोषून घेते. त्यानंतर भांडे पाण्यात बुडवून कागद सोडवला जातो. पुढे सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या हलक्या भाजणीत तेल जाळून टाकतात, कारण तेल राहिले तर तिथे झिलई धरत नाही. शेवटी झिलईत बुडवून भांडे पुन्हा भट्टीत जाते.

आता आपल्या तीन खुणांकडे येऊ. चरांतून उचललेला रंग रेघेच्याच रूपात उतरतो, त्यामुळे गडद छटा हवी असेल तर कोरणाऱ्याला रेघा दाट कराव्या लागतात, किंवा एका दिशेच्या रेघांवर दुसऱ्या दिशेच्या रेघा घालाव्या लागतात. कुंचला असे करीत नाही. कुंचल्याने पाणीदार निळा रंग पसरवला की तो मध्ये फिकट राहतो आणि कडेला साचून गडद होतो, आणि फटकारा जिथे संपतो तिथे तो निमुळता होतो किंवा तुटक होतो. एकदा खरोखर रंगवलेली बशी शेजारी ठेवून पाहा, पुन्हा शंका राहणार नाही.

पट्टीविषयी. मधले चित्र आणि काठाची नक्षी यांचे कागद बहुधा वेगळे असत. नक्षीची सरळ पट्टी कापून गोल काठाशी जुळवत न्यायची, आणि शेवटी जेवढी जागा उरेल तेवढ्यावर ती तोडायची, अशी ही रीत होती. उरलेली जागा चौकोनाच्या पटीत असेलच असे नाही. हाताने रंगवणाऱ्याला शेवटचे तीन-चार चौकोन थोडे दाबून किंवा थोडे सैल करून वेळ मारून नेता येते, आणि तो तसे करतोच. कात्रीला हे जमत नाही. म्हणून अर्धा चौकोन ही कागद कापणाऱ्याच्या हाताची खूण आहे. ‘छपाईत चूक होत नाही’ हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांनी छापलेली बशी कधी काठाभोवती पूर्ण फिरवून पाहिलेली नसावी.

पांढरी रेघ म्हणजे कागदाची चुणी. सपाट कागद खोलगट बशीवर बसवताना तो कुठेतरी दुमडणारच. दुमडीच्या आतला रंग भांड्याला टेकत नाही, आणि तिथे केसाएवढी कोरी रेघ राहते. ती नखाला लागत नाही याचे कारण वरून झिलई सलग आहे.

कारखाना कोणता, हा प्रश्न मी मुद्दाम सोडतो. त्यासाठी माशाचे निरीक्षण करावे लागेल, आणि त्या विषयात येथील एक सदस्य माझ्यापेक्षा कितीतरी अधिक जाणतात.

भट्टीवाला

माशाचा उल्लेख झालाच आहे, तर माझी पाळी आली असे समजतो.

आपण वर्णिलेला देखावा संग्राहकांमध्ये ‘फिशरमन अँड कॉर्मोरंट’ या नावाने ओळखला जातो, खडकावरचा लांब मानेचा पक्षी म्हणजे तो कॉर्मोरंट, आपला पाणकावळा. हा नमुना ‘प्लेझर बोट’ या नावानेही सापडेल. तो वूस्टरने छापला आणि श्रॉपशायरमधील काफलीच्या कारखान्यानेही छापला. (स्पेलिंग पाहून या गावाचे नाव भलतेच वाचले जाते, मीही अनेक वर्षे चुकीचेच वाचत होतो.) दोन्ही कारखाने सेव्हर्न नदीच्या काठाकाठाने, एकमेकांपासून फार दूर नव्हते. काफलीचा थॉमस टर्नर हा वूस्टरच्याच वातावरणात तयार झालेला. १७७०च्या दशकात त्याने काफलीत पोर्सिलेन सुरू केले तेव्हा निळी छपाई हाच त्याच्या धंद्याचा कणा होता, आणि वूस्टरचे खपणारे नमुने समोर ठेवून स्वतःचे पत्रे कोरून घेण्यात त्याला काही वावगे वाटले नाही. त्या काळी नक्कल हा शब्द आजच्याइतका बोचरा नव्हता.

पत्रे वेगवेगळ्या हातांनी कोरलेले असल्यामुळे फरक राहिले, आणि तेच आज आपल्या उपयोगी पडतात. माणसाच्या हातातील मासा लांब आणि सडपातळ असेल तर वूस्टर, आखूड आणि गुबगुबीत असेल तर काफली. गळाची दोरी वूस्टरच्या चित्रात सैल, नागमोडी लोंबते. काफलीच्या चित्रात ती ताणलेली, सरळ असते. या दोन गोष्टी भिंगाखाली एका मिनिटात पाहून होतात आणि त्यांचा निकाल बहुतेक वेळा एकच येतो.

त्यानंतर बशी अंधाऱ्या खोलीत एका तेजस्वी दिव्यासमोर धरा. दोन्ही कारखान्यांच्या मातीत सोपस्टोन, म्हणजे आपण ज्याला शंखजिरे म्हणतो तो खनिज, घातलेला असे. तरीही वूस्टरच्या भांड्यातून येणारा उजेड साधारणपणे हिरवट दिसतो आणि काफलीचा नारिंगी, पिवळसर. मी ‘साधारणपणे’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. भट्टीतले हवामान जरा बदलले तरी ही छटा बदलते, म्हणून केवळ उजेडावरून कोणी निर्णय देत असेल तर तो घाईचा समजावा.

खुणेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतो. वूस्टरची चंद्रकोर दोन प्रकारची आढळते. हाताने रंगवलेल्या निळ्या भांड्यांवर ती नुसत्या बाह्यरेषेची, आत मोकळी असते, आणि छापलेल्या भांड्यांवर ती आडव्या रेघांनी भरलेली असते. याला साधे कारण आहे. छापील भांड्याची खूणही त्याच पत्र्यावर कोरलेली असे आणि कागदाच्या तुकड्याबरोबर बुडाला लावली जाई, आणि कोरणारा भरीव आकार रेघांनीच भरणार. म्हणजे आपल्या बशीची खूण रेघांनी भरलेली असेल, तर ज्यांनी यादी केली त्यांनी ती भिंगाने पाहिली असती तरी ‘हाताने रंगवलेली’ हे शब्द लिहिले नसते. काफलीच्या खुणा मात्र निराळ्या आहेत. काहींवर इंग्रजी ‘एस’ हे अक्षर असते, कारण श्रॉपशायरचे जुने नाव सॅलप आणि तिथल्या भांड्यांना सॅलोपियन म्हणत. काहींवर इंग्रजी ‘सी’ असते. हा ‘सी’ जरा जाड आणि पसरट निघाला की चंद्रकोर समजून वूस्टरच्या खात्यात जातो. आपल्या खुणेची टोके अणकुचीदार आहेत की बोथट, आणि तिच्या आत रेघा आहेत की नाहीत, ते कृपया कळवा.

आणखी एक जुना समज आजही पुस्तकांत आणि याद्यांत तग धरून आहे. चिनी अक्षरांसारखी भासणारी, १ ते ९ आकड्यांना नटवून काढलेली निळी खूण पूर्वी काफलीची समजली जाई. वूस्टरच्या मूळ कारखान्याच्या, वॉर्मस्ट्री हाउसच्या जागेवर १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन सुरू झाले, तेव्हा या खुणेचे तुकडे तिथल्या कचऱ्यात निघाले. ती खूण वूस्टरची ठरली. जुनी यादी वाचताना हे लक्षात ठेवावे.

निळी रेघ

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी खिडकीशी बसून सारे पुन्हा पाहिले.

मासा आखूड आहे. गुबगुबीत म्हणावा असाच, शेपटीपेक्षा पोट मोठे. गळाची दोरी सरळ आहे, पाण्यापर्यंत ताठ गेलेली. खुणेची दोन्ही टोके बोथट आहेत, वरचे टोक तर किंचित जाड होऊन थांबते, आणि आत रेघा नाहीत. आता ती मला चंद्रकोर वाटतच नाही, ते सरळ ‘सी’ हे अक्षर आहे. एकदा अक्षर दिसले की चंद्रकोर पुन्हा डोळ्यांसमोर आणणे अवघड झाले. रात्री दिव्यासमोर धरल्यावर उजेड पिकलेल्या पपईच्या सालीसारखा दिसला, हिरवट मुळीच नाही. म्हणजे बशी काफलीची, असे मानण्यास हरकत नसावी.

यातून दोन नवे प्रश्न निघाले. पहिला असा की, छापताना चित्र उलटे होते, म्हणून कोरणाऱ्याला पत्र्यावर सगळे आरशातल्यासारखे उलटे कोरावे लागत असेल ना? मग बुडावरचे अक्षरही उलटे कोरलेले असणार.

दुसरा प्रश्न जरा निराळा आहे. त्याच लिलावातून मी काळ्या रंगाच्या चित्राचा एक लहान कपही घेतला होता. त्यावर बागेत बसलेले स्त्री-पुरुष आहेत, चित्र झिलईच्या वर आहे, आणि बोट फिरवले की अगदी सूक्ष्म खरखर जाणवते. त्यातही रेघा आहेत. तोही छापीलच समजावा का? आणि स्पष्टच विचारतो, छापील म्हणजे कमी प्रतीचे असे समजण्याची पद्धत आहे ती कितपत योग्य आहे?

ताम्रपट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि मला या तंत्रातील सर्वांत गमतीची गोष्ट तीच वाटते. कागदावर छापण्यासाठी पत्रा कोरणाऱ्याला खरोखरच उलटे कोरावे लागते. भांड्याच्या बाबतीत चित्र दोनदा उलटते. पत्र्यावरून कागदावर एकदा आणि कागदावरून भांड्यावर दुसऱ्यांदा. दोन उलट्यांचे एक सुलट होते, म्हणून पत्र्यावर ‘सी’ सरळच कोरलेला असतो. पुस्तकांसाठी काम करून आलेल्या कोरणाऱ्यांना सुरुवातीस हाताची सवय मोडावी लागली असणार. बर्मिंगहॅममध्ये काम करणारा आयरिश कोरणारा जॉन ब्रुक्स याने १७५१मध्ये या तंत्राचे पेटंट मागताना जो अर्ज केला, त्यातही छापणे, दाबणे आणि उलटवणे असे तीन वेगळे शब्द आहेत. पेटंट त्याला मिळाले नाही.

कपाविषयी: झिलईवरची काळी छपाई ही निळ्या छपाईच्या थोडी आधीची. वूस्टरमध्ये ती १७५०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट हॅनकॉक या कोरणाऱ्याच्या हातून बहरली. बागेतले चहापान, प्रेमी युगुले, दूध काढणाऱ्या गवळणी ही त्याची आवडती चित्रे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचे चित्र असलेला १७५७ सालचा मग त्याच्या कामातील सर्वांत प्रसिद्ध आहे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. मगवर साल छापलेले आहे म्हणून तो मग त्याच साली बनला असे होत नाही. साल पत्र्यावर कोरलेले असते, आणि पत्रा पुढेही वापरला जातो.

त्या मगवर ‘आर. एच.’ ही आद्याक्षरे, वूस्टरचे नाव आणि एक लहानसा नांगर आहे, आणि त्यावर संशोधकांनी भरपूर शाई खर्ची घातली आहे. आद्याक्षरे रॉबर्ट हॅनकॉकची, तशीच कारखान्याच्या भागीदारांपैकी रिचर्ड होल्डशिप याचीही. आणि नांगर जहाजाला धरून ठेवतो, म्हणजे होल्डशिपच्या नावावरचा तो शब्दखेळ. त्या मगाचे कौतुक करणारी एक कविता १७५७ अखेरीस लंडनच्या एका मासिकात आली, त्यात होल्डशिपची स्तुती होती. पुढच्याच महिन्यात वूस्टरच्या वर्तमानपत्राने ती छापताना हॅनकॉकचे सांत्वन करणाऱ्या दोन ओळी जोडल्या: काम तुझे, मान त्याचा. कोरणाऱ्याला श्रेय न मिळण्याची तक्रार इतकी जुनी आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाला मी थेट उत्तर देतो. छपाई स्वस्त पडावी म्हणूनच आली, यात संशय नाही. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी २७ जुलै १७५६ रोजी सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत बाराशेहून अधिक टाइल छापल्याचे शपथपत्र दिले होते. इतक्या टाइल हाताने रंगवण्यास किती चित्रकार आणि किती दिवस लागतील याचा हिशेब कोणीही करावा. परंतु स्वस्त होते ते भांडे, कोरीवकाम नव्हे. हॅनकॉकच्या चांगल्या पत्र्यातील एका झाडाची पाने पाहिली, प्रत्येक पानाची छटा निराळ्या दिशेच्या रेघांनी कशी घडवली आहे ते पाहिले, की त्याच काळातील घाईघाईने रंगवलेली कित्येक फुले फिकी वाटतात. कमी प्रतीचे काय असेल तर झिजलेल्या पत्र्यावरची छपाई. तांबे मऊ असते, चर हळूहळू उथळ होतात, आणि चित्रातली काही जागा पांढुरकी पडते. छापील भांड्यात प्रत ठरवायची ती यावर.

भिंगधारी

वरील प्रतिसादात कपाला छापील गृहीत धरले आहे. मी थोडे थांबण्याची विनंती करीन.

झिलईवरच्या काळ्या रेघांचे काम तीन मार्गांनी होऊ शकते, आणि नवख्याची फसगत तिसऱ्यात होते. पहिला मार्ग हॅनकॉकच्या पद्धतीचा, कागदावरून. त्यात रेघा ठाम, सारख्या जाडीच्या आणि कोरल्यासारख्या दिसतात. दुसरा मार्ग १८००च्या सुमारास प्रचारात आला आणि त्यात कागदच नाही. सरसाची लवचिक लादी, जिला कारागीर ‘बॅट’ म्हणत, ती पत्र्यावर दाबून चरांतले तेल उचलायचे, ती झिलई दिलेल्या भांड्यावर टेकवायची, आणि तेलाच्या त्या अदृश्य चित्रावर कापसाने रंगाची पूड शिंपडायची. पूड तेलालाच चिकटते, उरलेली झटकली जाते, मग भांडे भट्टीत जाते. या पद्धतीसाठी पत्रे रेघांऐवजी ठिपक्यांनी कोरीत, म्हणून चित्र धूसर, मखमली दिसते आणि भिंगाखाली धुळीसारखे विखुरते. स्पोड, मिंटन आणि न्यू हॉल या कारखान्यांनी असे पुष्कळ काम केले. न्यू हॉलच्या पीटर वॉरबर्टनने तर १८१०मध्ये सोन्याने छापण्याचे पेटंट घेतले होते.

तिसऱ्या मार्गाला इंग्रजीत ‘पेन्सिल्ड’ म्हणतात, पण आजच्या पेन्सिलीशी त्याचा संबंध नाही. त्या काळी बारीक कुंचल्यालाच पेन्सिल म्हणत. अशा कुंचल्याने काळ्या रेघांचे चित्र हातानेच काढले जाई, आणि ते इतके नेटके असे की पहिल्या नजरेला छपाई वाटते. वूस्टरने १७५०च्या दशकात असे काम केले आहे, आणि म्हशीवर बसलेल्या मुलाचे त्यांचे चित्र या प्रकारात नावाजलेले आहे. म्हणजे आपल्या बशीवर छपाई हाताच्या कामाची नक्कल करीत होती, तर येथे हात रेघांच्या चित्राची नक्कल करतो.

ओळखण्याची युक्ती एकच. रेघा एकमेकींना ओलांडतात ती जागा पाहावी. कोरलेल्या पत्र्यात फुलीच्या मध्यबिंदूवर रंग थोडा जास्त साठतो, पण रेघांची जाडी तीच राहते. कुंचल्यात रेघ सुरू होताना बारीक, मध्ये फुगीर आणि शेवटी पुन्हा बारीक होते, आणि दोन समांतर रेघांमधले अंतर कधीच नेमके सारखे पडत नाही. आपला कप पाहून कृपया सांगावे. स्त्रीच्या झग्याच्या चुण्यांवर हे सर्वांत लवकर दिसेल.

भट्टीवाला

मान्य. थोडी भर घालतो. कपावरच्या रंगाची खरखर बोटाला जाणवते म्हणजे तो झिलईच्या वर आहे एवढेच कळते, छापील की रंगवलेला हे त्यावरून ठरत नाही. उलट झिलईवरचे चित्र चमच्याने आणि घासण्याने झिजते, म्हणून काळी छपाई असलेल्या कपाच्या आतल्या बाजूस मधली जागा फिकट झाली असेल तर ते वापराचे लक्षण आहे, बनावटीचे नव्हे. हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा बुडाचा आहे. वूस्टरमध्ये कड्याच्या आतील झिलई भट्टीत चिकटू नये म्हणून ती खुंटीसारख्या साधनाने पुसून घेत, त्यामुळे आत एक कोरडी रेघ राहते. ती दिसली की ‘वूस्टर’ म्हणणारे अनेक भेटतील, पण काफलीच्या भांड्यांवरही ती मिळते. तेव्हा बशीच्या बाबतीत माशावरच भरवसा ठेवावा.

काठाची तुलना करता यावी म्हणून माझ्याकडील काफलीच्या त्याच नमुन्याच्या, तेवढ्याच आकाराच्या बशीचे छायाचित्र आपल्याला संदेशात पाठवले आहे.

निळी रेघ

कप आज नीट पाहिला. झग्याच्या चुण्यांवरील रेघा एकसारख्या जाडीच्या आहेत, सुरुवातीला आणि शेवटी निमुळत्या होत नाहीत, आणि जिथे ओलांडतात तिथे काळा ठिपका जमला आहे. ठिपक्यांची धूळ कुठेच नाही. म्हणजे कागदावरून छापलेला, पहिल्या मार्गाचा, असे मी समजतो.

बशीच्या बाबतीत मात्र छायाचित्राने मला थक्क केले. दोन्ही बश्या संगणकाच्या पडद्यावर शेजारी ठेवल्या. माझ्या बशीत घराच्या छपराच्या उजव्या टोकाशी एक रेघ कडेच्या बाहेर निसटून आकाशात गेली आहे, डोळ्याला सहज न दिसणारी, तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढी. मी ती चित्रकाराची घाई समजत होतो. आपल्या बशीत तीच रेघ, त्याच टोकाशी, तेवढीच लांब आणि त्याच कोनात निसटलेली आहे. कोरणाऱ्याचा हात एकदा चुकला आणि ती चूक बशीमागून बशीवर गेली. काठाची पट्टी मात्र आपल्याकडे घड्याळातल्या नवाच्या जागी तुटते आणि माझ्याकडे चाराच्या.

लिलाव करणाऱ्यांना दोन्ही छायाचित्रे पाठवून यादीतील वर्णन दुरुस्त करण्याची विनंती केली आहे. बशी परत करण्याचा विचार नाही, असेही त्यांना कळवले आहे.